सोवळ्यातल्या माश्या

उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं माझी आई सांगायची. पण ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ करत ही गोष्ट सांगायला बसले, तर कोण कोणाला काय म्हणालं याचा मलाच पत्ता लागायचा नाही. तेव्हा सरळ उमाकांत म्हणते. तर उमाकांत सरकारी खर्चाने माश्या पाळायचे.

खोटं नाही सांगत. जयपूरला सांगानेरच्या रस्त्यावर केंद्र सरकारची एक लहानशी प्रयोगशाळा होती. पिकावर औषध मारल्यावर दाण्यात ते किती उरतं, हे तिथे तपासायचे. आता त्यासाठी म्हणे मोठमोठी यंत्रं आहेत. तेव्हा, म्हणजे एकसष्ट साली, माश्या होत्या. जाळीच्या पिंजऱ्यात, वाळ्याचे पडदे सोडलेल्या थंड खोलीत, साखर आणि दुधाच्या भुकटीवर पोसलेल्या. आमच्या अलकाला पाणी घातलेलं दूध मिळायचं आणि सरकारच्या माश्या निर्भेळ प्यायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला बँकेतल्या साहेबांची सुमित्रा मला चारचौघींत विचारायची, “काय मधुमतीबाई, तुमच्याकडच्या किती बाळंत झाल्या या आठवड्यात?” सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. पदरी पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय.

उमाकांतना मात्र त्या माश्यांचं भारी कौतुक. दिल्लीहून पिंजऱ्यातून आणलेलं बी होतं ते. एकदा मला नेऊन दाखवलं. दाणे एका द्रावणात खळबळवायचे, ते द्रावण काचेच्या बरणीत ओतून उडू द्यायचं, मग दाण्यावर काही विष असेल तर त्याचा पातळ थर बरणीला आतून बसतो. त्या बरणीत माश्या सोडायच्या. दुसऱ्या दिवशी जिवंत असल्या तर धान्य खायला हरकत नाही.

“बाहेरच्या का नाही पकडत? जयपुरात काय माश्यांना तोटा आहे?” मी विचारलं.

“बाहेरच्या चालत नाहीत. या माश्यांच्या कितीतरी पिढ्यांनी विष पाहिलेलंच नाही. त्यामुळे जरासं असलं तरी मरतात. बाहेरच्या माशीचा काय भरवसा?”

“म्हणजे या सोवळ्यातल्या.”

ते हसले. त्या दिवसांत हसायचे अजून. मग घरात तेच नाव पडलं. अलका शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, “मेरे बाबा की मक्खियाँ सोवळ्यातली हैं.” त्या बिचाऱ्यांना काय कळणार.

त्या साली भादव्यात टोळधाड आली. बाजरीची कणसं भरत आली होती आणि तेव्हाच टोळ उतरले. सकाळी अंगणात ऊन होतं आणि थोड्या वेळाने नव्हतं, इतके. सरकारने जीपगाड्या, माणसं आणि बीएचसी या कीटकनाशकाच्या भुकटीची पोती बाहेर काढली. उमाकांतना प्रयोगशाळेतून उचलून त्या कामाला लावलं. गावोगाव उभ्या पिकावर भुकटी मारायची. एरवी औषध मारल्यावर काढणीपर्यंत काही दिवस जाऊ द्यायचे असतात. टोळांना कोण थांबा म्हणणार? घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कानात भुकटी, बुटांत वाळू. अंघोळीचं पाणी काढून ठेवावं तर बूट न काढताच खाटेवर झोपलेले. मी बूट काढायचे. चिडायचेही, कारण चादरी मलाच धुवायला लागायच्या. पण माणूस इतका दमलेला असला की त्याच्यावर चिडण्यातही मजा राहत नाही.

टोळ गेले. बरीचशी बाजरी वाचली. कापणी झाली, खळी भरली, आणि मग हुकूम निघाला, की ज्या गावांत उभ्या कणसांवर भुकटी मारली तिथली बाजरी तपासून होईपर्यंत कोणी खायची नाही, विकायची नाही.

त्या गावांत जगतपुरा होतं. आमची दूधवाली भंवरी तिथलीच. रोज पहाटे डोक्यावर चरवी घेऊन आमच्या टिळकनगरपर्यंत चालत यायची. उंच, काटक बाई, पायात चांदीची जाड कडी, आणि दुधात पाणी घातलंस का विचारलं तर उलट मलाच विचारणार, “म्हैस पाणी पीती है तो मैं कांई करूँ?” तिची सून नुकतीच बाळंत झालेली. खळ्यात बाजरीचा ढीग, घरातली मडकी रिकामी, आणि हात लावायचा नाही. रोज दूध मापताना ती विचारायची, “बाईजी, साहबजी की मक्खी कांई बोली?”

मी म्हणायचे, “अजून काही नाही बोलली.”

बोलणार कुठून? माश्या मेल्या होत्या.

झालं होतं असं, की उमाकांत टोळांमागे हिंडत असताना डासांच्या फवारणीची माणसं फिरत फिरत प्रयोगशाळेत आली. पहारेकऱ्याने सरकारी माणसं म्हणून सगळ्या खोल्या उघडून दिल्या. त्यांनी भिंती नीट, कोपरे न सोडता फवारल्या. सरकारनेच सरकारच्या माश्या मारल्या. उमाकांत परत येऊन बघतात तो पिंजऱ्यांच्या तळाशी काळा थर. दिल्लीला तार केली. उत्तर आलं, बी पाठवू, पण वेळ लागेल. मी ऐकलं तेव्हा मला हसू आलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

इकडे नमुन्यांच्या पिशव्या येऊन पडलेल्या. तहसिलीतून रोज फोन. त्यांचे वरिष्ठ माथुरसाहेब, माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून बोलणी बसत होती. ते म्हणाले, “उमाकांतजी, लोग भूखे बैठे हैं. मक्खी मक्खी होती है.”

उमाकांत तेव्हा तापाने फणफणलेले होते. दोन महिने धड जेवण नाही, धड झोप नाही. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. ते संध्याकाळी जाळी घेऊन मोती डुंगरीकडच्या हलवायाच्या दुकानावर गेले आणि जिलेबीच्या परातीवरच्या माश्या पकडून आणल्या.

मला हे कळलं ते सुमित्राकडून. तिचा नोकर तिथे घेवर आणायला गेला होता. “अहो, तुमच्या साहेबांना माश्या कमी पडल्या का? हलवायाच्या घेऊन गेले म्हणे, फुकट!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्या आल्या मी भांडले. लाज नाही का, चारचौघांत जाळी घेऊन, शिकलेला माणूस. मग मला ते सोवळ्याचं आठवलं.

“आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, बाहेरच्या चालत नाहीत?”

“माशी ती माशी,” ते म्हणाले.

ते शब्द त्यांचे नव्हते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला हलवायाच्या दुकानाची लाज जास्त वाटत होती.

हलवायाच्या माश्या बरणीत सोडल्या. सगळ्या नमुन्यांत. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिवंत. भणभणत होत्या नुसत्या. गावोगाव दाखले गेले, बाजरी खाण्यास योग्य. जगतपुऱ्याच्या चबुतऱ्यावर पटवाऱ्याने, म्हणजे तिकडच्या तलाठ्याने, दाखला मोठ्याने वाचून दाखवला. भंवरी दुसऱ्या दिवशी आली ती दुधाबरोबर नव्या बाजरीचं गाठोडं घेऊनच. ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, “साहबजी की मक्खी जीती रहे.”

मी नगरची. बाजरीची भाकरी म्हणजे माझा जीव. जयपुरात ती मिळते, पण बाजारात येते ती जुनी, कडवट. ही नवी, हिरवट, दळली की गोड वास सुटणारी. त्या थंडीत आमच्याकडे रोज भाकरी. तव्यावरून उतरली की अलका आणि मी चुलीपाशीच तुपाबरोबर निम्मी संपवायचो. उमाकांतही खायचे. ताप उतरला, जरा अंग धरलं. मला वाटलं, चला, हे वर्ष एकदाचं मागे पडलं.

मग दिल्लीच्या माश्या आल्या.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं वाढलं. उमाकांतनी ताटातली भाकरी उचलून बाजूला ठेवली. मग हात लांब करून अलकाच्या ताटातलीही काढून घेतली.

“तिला भात दे,” ते म्हणाले.

“का? चांगली खातेय ती.”

“दे म्हणतो ना.”

अलका म्हणाली, “बाबा, मतलब मी काय केलं?” आणि रडायला लागली. मी तिला भात वाढला. ती खाऊन बाहेर गेल्यावर मी ताट तसंच ठेवून त्यांच्यासमोर बसले. काढून घेतलेली भाकरी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

“नमुने शिल्लक होते थोडे,” ते म्हणाले. “नव्या माश्या आल्या, म्हणून सहज घालून बघितलं.”

“मग?”

“सगळ्या मेल्या.”

“सगळ्या?”

“जगतपुऱ्याच्या बरणीत तर लगेच.”

मग त्यांनी सांगितलं. नगरपालिका वर्षानुवर्षं बाजारातल्या गटारांवर हीच भुकटी मारते. ज्या माश्या मरायच्या त्या मरून गेल्या. ज्यांना ती पचली त्यांची पोरंबाळं हलवायाच्या दुकानात होती. त्यांना बरणीतलं विष म्हणजे रोजचंच जेवण. त्या जिवंत राहिल्या याचा अर्थ धान्य चांगलं होतं असा नव्हताच.

“तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी आठवायचं नव्हतं.”

मला संताप आला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा संताप कधी आला नव्हता. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. माझ्या लेकीला स्वतःच्या हाताने घास भरवले होते मी.

“काय होतं याने? सांगा ना!”

“आज काही होत नाही. कोणी मरत नाही. अंगातल्या चरबीत साठत जातं. पुढे काय करतं ते कोणालाच नीट माहीत नाही. अंगावरच्या दुधात उतरतं, एवढं वाचलंय.”

“भंवरीच्या सुनेचं बाळ अंगावर पितंय.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “मला खूप थकायला झालंय, मधू.”

मला त्यांची कीव आली आणि ती आली म्हणून पुन्हा रागही आला. थकले होते, खरंच होतं. पण थकवा सगळ्यांनाच होता त्या वर्षी. पहाटे जगतपुऱ्याहून चालत येणाऱ्या बाईला काय कमी होता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी माथुरसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटत होतं, नोकरी जाईल, निदान बदली तरी. मी मनात सामान बांधायलाही घेतलं होतं. संध्याकाळी उमाकांत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

“ओरडले?”

“नाही. चहा मागवला माझ्यासाठी.” माथुरसाहेब म्हणाले होते, एकाच प्रयोगशाळेचे दोन निकाल, एक जीती मक्खी का, एक मरी का, लोक कशावर विश्वास ठेवतील? निम्मी बाजरी तर खाऊन झाली. उरलेल्या निम्मीच्या जागी द्यायला आपल्याकडे काय आहे? “अगले साल ध्यान रखेंगे.” आणि पाठीवर हात ठेवला होता.

ओरडले असते तर बरं झालं असतं. उमाकांतनाही तसंच वाटत असावं.

“मग आता?” मी विचारलं.

“गावात जाऊन सांगतो. स्वतःच.”

मी म्हणाले, मीही येते. उमाकांतची हिंदी चांगली होती, धीर कमी होता. शिवाय भंवरीचं ते बाजरीचं गाठोडं मी माझ्याच ओसरीवर घेतलं होतं. रविवारी अलकाला सुमित्राकडे ठेवून आम्ही निघालो. सडक संपेपर्यंत टांगा, पुढे वाळूतून पायी. दोन्ही बाजूंना बाजरीची कापलेली ताटं वाळत होती.

भंवरीच्या अंगणात बाज टाकली, त्यावर गोधडी. साहेब घरी आले म्हणून चार म्हातारे जमले. सून तोंडावर घुंगट ओढून दाराच्या आत बसली होती. मांडीवर बाळ, गुटगुटीत, काजळ घातलेलं.

उमाकांतनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माश्या कशा मेल्या, दुसऱ्या कुठून आणल्या, चूक कशी झाली. दाखला चुकीचा होता, बाजरी खाऊ नका. मध्येच भंवरीने पाण्याचा लोटा पुढे केला. ते पाणी प्यायले आणि पुन्हा बोलायला लागले.

मग एक म्हातारा म्हणाला, “साहब, कागद तो आपने ही दिया था.”

“हां. ग़लत दिया था.”

“तो अब कांई खावां?” भंवरीने विचारलं.

रागाने नाही. भाजी काय करू विचारावं, तसं विचारलं. उमाकांत म्हणाले, धुऊन, कडक उन्हात वाळवून घेतली तर थोडं कमी होईल. ती म्हणाली, विहिरीचं पाणी खाली गेलंय, प्यायला ओढता ओढता बैलांच्या माना मोडतात. एकाने विचारलं, सरकार दुसरं धान्य देईल? उमाकांत म्हणाले, मी लिहितो. म्हातारे माना हलवत उठले. सरकारला लिहिलेल्याचं काय होतं ते त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. जाताना एकाने उमाकांतना हात जोडले आणि म्हणाला, इतक्या लांब आलात, साहेब, मोठी गोष्ट आहे. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो.

आम्ही उठायला लागलो तर भंवरी जाऊ देईना. जेवणाची वेळ झालीय, दारात आलेला पाहुणा उपाशी जाणार का? आम्हाला बसवून ती पदराखाली काहीतरी झाकून कुठेशी गेली. बराच वेळ आली नाही. सून चूल पेटवून बसली. बाजरीच्या पिठाची परात तिच्याजवळ होती. हातावर थापून तिने रोट्या केल्या, तव्यावर टाकल्या, निखाऱ्यावर फुगवल्या. तोच वास. मला भूक लागली होती आणि लागली म्हणून मी स्वतःला बोल लावत होते. मनात मी ठरवलं, वाढेल ती खायची. उमाकांतकडे पाहिलं. त्यांनीही तेच ठरवलं असावं, कारण त्यांनी हात धुतले आणि मांडी घालून नीट बसले. निदान एवढं तरी आमच्या हातात आहे असं वाटून मला जरा हलकं वाटलं.

भंवरी परत आली. पदराखाली गव्हाचं पीठ होतं. वाण्याच्या घरून आणलेलं. पायातलं एक कडं दिसत नव्हतं. पीठ मळून तिने स्वतः आमच्यासाठी गव्हाच्या रोट्या लाटल्या, वर तूप सोडलं, गूळ ठेवला.

“भंवरी, हे कशाला?” मी म्हणाले. “ती झालेली आहे ना, तीच दे आम्हाला. आम्ही घरीही तीच खाल्ली.”

“ना बाईजी,” ती म्हणाली. “पावणा ने जहर कोनी खुवावां.”

पाहुण्याला विष घालत नाहीत. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं. ती आमच्यासमोर पंखा घेऊन बसली आणि म्हणाली, गरम आहे तोवर खा.

चुलीपलीकडे सून भिंतीकडे वळून बसली होती. एका हाताने तिने बाळाला पदराखाली धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने बाजरीची रोटी मोडून ती चटणीबरोबर खात होती. बाळाचा चुटचुट आवाज येत होता. उमाकांतनी मान खाली घालून गव्हाची रोटी संपवली आणि भंवरीने न विचारता त्यांच्या ताटात दुसरी वाढली.